सर्व्हर आपोआप पडण्याची वेळ

दाराशी आलेल्या माणसाला आत घेणं हे कोणत्याही सार्वजनिक संस्थेचं पहिलं कर्तव्य असतं. आत घेतल्यावर त्याचं काय करायचं, हे दुसरं. पहिल्या कर्तव्यातच संस्थेची सगळी शक्ती खर्ची पडत असल्याने दुसऱ्याची पाळी सहसा येत नाही, आणि म्हणूनच बहुतेक संस्था आजवर आदरणीय राहिल्या आहेत.

शहरातल्या सार्वजनिक नेत्ररुग्णालयाने हे पहिलं कर्तव्य गेली दोन वर्षं जिवापाड सांभाळलं होतं. रुग्णालय छोटं आहे. शल्यचिकित्सक दोन, दिवसाला शस्त्रक्रिया आठ, आठवड्याचे दिवस पाच. शस्त्रक्रियेची तारीख फक्त संकेतस्थळावर मिळते. तसा फलक नोंदणीच्या खिडकीवर लावलेला आहे, बारीक अक्षरांत. (ज्याला तो वाचता येतो त्याला शस्त्रक्रियेची गरज नाही, अशी ती प्राथमिक तपासणीच म्हणायची.)

संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर चालतं तो सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत असतो, आणि सर्व्हरला सांभाळणारे गृहस्थही त्याच खोलीत असतात. जुन्या काळी तिथं एक्स-रेच्या फिल्म धुतल्या जायच्या. दारावरचा लाल दिवा अजून आहे आणि तो लावला की कुणी आत येत नाही, ही या खोलीची एकमेव सुखसोय. गृहस्थांचं पद 'संगणक सहायक, श्रेणी दोन'. (श्रेणी एक हे पद कुठेच नाही.) सगळं रुग्णालय त्यांना 'वायरवाले' म्हणतं. अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी वायरीला हात लावला तो एकदाच, अधीक्षकांच्या टेबलावरचा पंखा बंद पडला तेव्हा. पण नाव पडायला तेवढं पुरतं.

या गोष्टीची सुरुवात एका चष्म्यापासून होते. एक निवृत्त मुख्याध्यापक संकेतस्थळावर अर्ज भरत होते. 'सध्याच्या चष्म्याचा नंबर' या रकान्यापाशी घोडं अडलं. ते जुना कागद शोधायला आतल्या खोलीत गेले, कागद सापडला, तो वाचायला चष्मा सापडेना, चष्मा सापडून परत येईपर्यंत चाळीस मिनिटं झाली आणि संकेतस्थळाने त्यांना बाहेर काढलेलं होतं. पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्यांनी अर्ज न भरता पत्र लिहिलं, अकरा पानी. त्यातलं एक वाक्य अधीक्षकांच्या काळजाला भिडलं : 'मी चाळीस वर्षे वर्ग सांभाळला. पाणी प्यायला गेलेल्या मुलाची जागा मी कधी दुसऱ्याला दिली नाही.'

त्याच संध्याकाळी परिपत्रक निघालं. 'संकेतस्थळावर एकदा दाखल झालेल्या नागरिकास, तो स्वतःहून निरोप घेईपर्यंत, कोणत्याही कारणाने घालवू नये.'

वायरवाले परिपत्रक घेऊन अधीक्षकांच्या खोलीत गेले.

"साहेब, आत येणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हर मेमरीत एक खुर्ची देतो. तो कुठवर आलाय, काय भरलंय, ते सगळं त्या खुर्चीवर ठेवलेलं असतं. माणूस अर्धा तास हलला नाही की खुर्ची काढून घ्यायची, अशी पद्धत आहे."

"हीच पद्धत बदलायची आहे."

"मग खुर्च्या संपतील, साहेब."

"आणखी आणा. लोकांना बसवण्यात आपण कमी पडायचं नाही."

वायरवाल्यांनी ती अर्ध्या तासाची एक ओळ काढून टाकली. नोकरीत वाद घालायची एक मर्यादा असते, आणि श्रेणी दोनची मर्यादा दोनदा बोलण्याची होती.

आता कागदावर पाहिलं तर निरोप घ्यायची सोय होती. पानाच्या कोपऱ्यात 'बाहेर पडा' असं बटण होतं. दोन वर्षांत ते तीन जणांनी दाबलं. त्यांपैकी दोघांनी चुकून. तिसरे वायरवाले, ते चालतं की नाही बघायला. बाकीचे नागरिक, लग्नघरातून न सांगता सटकावं तसे, खिडकी बंद करून उठून जात. सर्व्हर मात्र त्यांची खुर्ची तशीच ठेवून वाट बघत बसे. पान हळू उघडलं की लोक ते पुन्हा पुन्हा उघडत, आणि घाईघाईत उघडणाऱ्याला सर्व्हर दर वेळी नवा पाहुणा समजून नवी खुर्ची देई. एका मंगळवारी वायरवाल्यांनी मोजलं तर एकटे मुख्याध्यापक चारशे बारा खुर्च्यांवर बसलेले आढळले.

खुर्च्या भरल्या की संकेतस्थळ रांगायला लागे. गोल गोल फिरणारं एक चक्र दिसे, त्याखाली 'कृपया थांबा', आणि लोक थांबत. थांबत नसत ते पुन्हा उघडत. आणि रोज अकरा चाळीसला सर्व्हर कोसळे.

अधीक्षकांनी कारण विचारलं तेव्हा वायरवाल्यांनी समजावून सांगितलं, "मेमरी पूर्ण संपली की यंत्र स्वतःच बघतं की सगळ्यात जास्त मेमरी कोण खातंय. जो खातो त्याला मारतं. म्हणजे बाकीचे जगतात."

"आपल्याकडे कोण खातं?"

"आपलं संकेतस्थळ. तिथं दुसरं कुणी कामच करत नाही."

"जो काम करतो त्यालाच मारतात," अधीक्षक म्हणाले. "मला वाटायचं हे फक्त आपल्या खात्यात आहे."

मेलेलं संकेतस्थळ दोन मिनिटांनी आपोआप उठून बसे, रिकाम्या खुर्च्यांसह, आंघोळ केल्यासारखं ताजंतवानं. मग वायरवाल्यांनी सुचवलं की रोज पहाटे आपणच ते एकदा बंद करून चालू केलं तर? त्यावर विधी सल्लागाराचं मत मागवण्यात आलं. मत आलं. सर्व्हर बंद करणं म्हणजे आत बसलेल्या नागरिकांना घालवणं. ते परिपत्रकाविरुद्ध आहे. सर्व्हर आपोआप पडला तर मात्र ती नैसर्गिक घटना असून तिला कुणीही जबाबदार नाही. म्हणून यापुढे सर्व्हर बंद करू नये. तो पडेल याची वाट पाहावी.

कोसळण्याची चौकशी करायला 'स्मृती-अभाव अभ्यास समिती' नेमण्यात आली. समितीने केलेले उपाय असे : सर्व्हरच्या खोलीतला पंखा बदलला. सर्व्हरची दिशा बदलली (तार पुरली नाही म्हणून परत होती तिथं ठेवला). मुखपृष्ठावरचं अधीक्षकांचं छायाचित्र जड असल्याची शंका आल्याने ते काढून त्याजागी अधीक्षकांचं नवीन छायाचित्र लावलं. कर्मचाऱ्यांसाठी ताणमुक्तीचं व्याख्यान ठेवलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं कुणी म्हणू शकेल, पण पखालीची प्रकृती या काळात खरोखरच सुधारली : समितीला बैठकीसाठी वेगळी खोली मिळाली.

शेवटी मेमरी दुप्पट करण्यात आली. सर्व्हर तरीही अकरा चाळीसलाच पडला. हे मात्र वायरवाल्यांना खटकलं. दुप्पट खुर्च्या भरायला दुप्पट वेळ लागायला हवा. त्यांनी लाल दिवा लावून तीन दिवस यंत्राच्या नोंदी वाचल्या आणि चौथ्या दिवशी त्यांना मारेकरी सापडला. रोज साडेअकराला, चहा झाल्यावर, कुणीतरी 'आज उपस्थित नागरिक' हा अहवाल उघडत होतं. तो अहवाल तयार करायला सर्व्हर एकूण एक खुर्ची उचलून मोजत असे, आणि मोजता मोजता प्राण सोडत असे. अहवाल उघडणारे खुद्द अधीक्षक होते. सर्व्हर का पडतो यावर लक्ष ठेवण्यासाठी ते रोज हा अहवाल बघत.

"म्हणजे मी बघतो म्हणून तो पडतो?"

"हो साहेब. तसा तो आजारी असतोच. पण शेवटचा धक्का तो."

"आणि मी बघितलं नाही, तर तो पडतो की नाही ते मला कळणार कसं?"

या प्रश्नाला संगणकशास्त्रात उत्तर नाही. वायरवाले जिन्याखाली परतले.

शिवाय अहवालातला आकडा अधीक्षकांना प्रिय झाला होता. सर्व्हर पडण्यापूर्वी तो क्षणभर पडद्यावर झळके. शहराची लोकसंख्या साठ हजार. संकेतस्थळावरची उपस्थिती एक लाख नव्वद हजार. लोकप्रियता याहून वेगळी काय असते. त्यातून तारखा मोजक्याच दिल्या जात असल्याने प्रतीक्षायादी नेहमी चौदा-पंधरा नावांची असे. सलग दोन वर्षं 'सर्वात लहान प्रतीक्षायादी' साठीची ढाल या रुग्णालयाला मिळाली होती. ती नोंदणीच्या खिडकीसमोर, बाकांच्या वर टांगलेली आहे. बाकांवर बसलेल्यांना ती दिसत नाही, पण तो त्यांच्या डोळ्यांचा दोष.

मग त्या चौदा तारखा मिळत कुणाला? इथं एका विनम्र सत्याकडे वळावं लागतं. सर्व्हर पडून उठला की खुर्च्या पुन्हा भरेपर्यंत सुरुवातीला दहा मिनिटं आणि मेमरी दुप्पट केल्यावर वीस मिनिटं संकेतस्थळ लख्ख चाले. ही वीस मिनिटं कधी असतात हे शहराला माहीत नव्हतं. रुग्णालयात मात्र सगळ्यांना माहीत होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. अकरा पस्तीसला नोंदणीच्या खोलीत आपोआप सात-आठ माणसं जमत, जिन्यावरच्या रखवालदारापासून प्रयोगशाळेतल्या बाईंपर्यंत, प्रत्येकाच्या हातात कुणाच्या ना कुणाच्या तपासणीचे कागद. समितीच्याच एका टिपणानुसार कर्मचाऱ्यांच्या साठ वर्षांवरील सख्ख्या नातेवाइकांपैकी शहाण्णव टक्क्यांचे डोळे पहिल्या वर्षातच झाले. (उरलेले चार टक्के दोन्ही डोळ्यांनी उत्तम बघत होते आणि त्याबद्दल त्यांना घरात बोलणी खावी लागत.) मेमरी दुप्पट झाल्यानंतर या योजनेचा लाभ चुलत, मावस आणि सोयऱ्यांपर्यंत पोहोचला.

वायरवाले एकटेच त्या खोलीत जात नसत. फार मोठं तत्त्व होतं असं नाही. गळकं छप्पर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने त्याच गळतीखाली आपली बादली लावावी, हे त्यांना बरं दिसत नव्हतं इतकंच.

अशात त्यांच्या आईचा उजवा डोळा गेला. म्हणजे अगदी गेला नाही; जायला निघाला. एका सकाळी आईंनी खुंटीवरच्या रेनकोटला "बसा ना, चहा टाकते" असं म्हटलं आणि सुनेने ते ऐकलं. वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता आता सून वाचून दाखवत होती, आणि आई अस्वस्थ होतील अशी नावं गाळत होती; त्यामुळे आईंच्या मते शहरात सहा महिने कुणीच मेलेलं नव्हतं आणि डॉक्टरांचं बरं चाललेलं होतं. तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू पिकत चाललाय, तीन महिन्यांच्या आत काढला तर सोपं, नंतर डोळा हाताशी राहील याची खात्री नाही. डाव्यात आधीच फारसं काही उरलेलं नव्हतं.

"शेजारणीच्या नणंदेला आठ दिवसांत तारीख मिळाली," आई जेवताना म्हणाल्या. "तिचा भाचा तिथं रखवालदार आहे म्हणे. तू काय आहेस रे तिथं?"

"सर्व्हर बघतो, आई."

"मग बघ की. तुला दिसतंय तोवर."

बायको भांडी आवरताना हळूच म्हणाली, "अहो, एकदा त्या अकरा चाळीसला जाऊन बसा ना. भिंत पडलीय ती सगळ्यांना दिसतेय, आणि तुम्ही एकटेच दार शोधत उभे आहात."

"मी दारच दुरुस्त करतो," वायरवाले म्हणाले. "मग आईचं रीतसर होईल. सगळ्यांचंच होईल."

"सगळ्यांचं राहू द्या. आईंचं नाव सगळ्यांत घालू नका म्हणजे झालं."

दुरुस्ती कोणती, हे त्यांना दोन वर्षं माहीत होतं. अर्धा तास न हलणाऱ्याची खुर्ची काढून घ्यायची ती एक ओळ. त्यासाठी मंजुरी लागत होती आणि मंजुरीचे तीन अर्ज समितीच्या बैठकीच्या नव्या खोलीत, टेबलाचा एक पाय आखूड असल्याने, त्याखाली होते. पण कार्यालयीन नियम नीट वाचणाऱ्याला वाट मिळतेच. साफसफाईला मंजुरी लागत नाही (आणि म्हणून ती होतही नाही). एका सोमवारी सकाळी आठ वाजता वायरवाल्यांनी लाल दिवा लावला, ती ओळ परत घातली आणि कामाच्या वहीत लिहिलं : 'जिन्याखालची साफसफाई केली.'

अकरा तीसला अधीक्षकांनी अहवाल उघडला. अकरा चाळीस झाले. अकरा पंचेचाळीस झाले. नोंदणीच्या खोलीत जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. सर्व्हर पडला नव्हता.

जिन्याखाली वायरवाले पडद्यावरच्या मेमरीच्या रेषेकडे बघत होते. दोन वर्षं जी रेषा जिना चढत जाऊन रोज गच्चीवरून उडी मारत होती, ती आता जमिनीला समांतर चालली होती. थोडी वर, थोडी खाली, झोपलेल्या मुलाच्या छातीसारखी. बारा वाजले, दोन वाजले, त्यांनी डबा उघडला नाही. त्यांनी आयुष्यात केलेली ही पहिलीच गोष्ट होती जी केल्यावर चालत होती. पाचला ते उठले, सर्व्हरच्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला आणि घरी गेले.

"आईंचा अर्ज भरला?" बायकोने दारातच विचारलं.

वायरवाले बूट काढता काढता थांबले.

त्यांनी तिथंच, एका पायात बूट ठेवून, फोनवर अर्ज भरला. संकेतस्थळ सुरेख चाललं. चष्म्याच्या नंबराच्या रकान्यापाशी त्यांना आतल्या खोलीत जावं लागलं तरी तीस मिनिटं पुरून उरली. तारीख आली : चौदा महिन्यांनंतरची.

सोमवारी दिवसभरात चोवीसशे लोकांनी तारखा घेतल्या होत्या. दोन वर्षं चक्राकडे बघत थांबलेले सगळे एकाच दिवशी आत आले, आणि दिवसाला आठ या हिशेबाने ओळीने उभे राहिले. मुख्याध्यापकांना दुसऱ्या महिन्यातली तारीख मिळाली. त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं, चार पानी. आपली जागा कायम ठेवल्याबद्दल.

बायकोने बुटाची दुसरी नाडी सोडून दिली. आईंनी आतून विचारलं, "काय रे, मिळाली का तारीख?"

"मिळाली."

"बघ, मी म्हणत नव्हते? कधीची?"

"थोडी पुढची आहे," वायरवाले म्हणाले.

मंगळवारपासून अधीक्षकांची तब्येत बिघडली. 'आज उपस्थित नागरिक' या अहवालात आकडा येत होता दोनशे सदतीस. त्यांनी वायरवाल्यांना बोलावून घेतलं.

"परवापर्यंत एक लाख नव्वद हजार होते. कुठे गेले?"

"घरी गेले, साहेब. काम झालं म्हणून."

असं उत्तर या इमारतीत पूर्वी कुणी दिलेलं नसल्याने त्याची नोंद कुठल्या रकान्यात करावी हे अधीक्षकांना कळेना. त्यात पुढच्या सोमवारी ढालीसाठीची तपासणी यायची होती, आणि तपासणीला दाखवायची यादी चौदावरून चोवीसशेवर गेली होती. शुक्रवारी सकाळी दहाला समितीची तातडीची बैठक भरली. वायरवाल्यांना माहितीसाठी बोलावण्यात आलं. त्यांना बसायला सांगितलं गेलं नाही, खुर्च्या मोजक्याच होत्या.

"अहो वायरवाले," अधीक्षक मायेने म्हणाले, "यंत्र बिघडलेलं होतं तेव्हा रुग्ण किती?"

"यादीत चौदा."

"आणि तुमच्या साफसफाईनंतर?"

"चोवीसशे."

"मी काही डॉक्टर नाही. पण चार दिवसांत चोवीसशे माणसांचे डोळे बिघडले, आणि या चार दिवसांत रुग्णालयात नवी गोष्ट झाली ती एकच."

"ते आधीपासून होते, साहेब. बाहेर."

"बाहेर असलेले आपण मोजत नाही. तशी पद्धत नाही."

इथं डॉक्टरीणबाई बोलल्या. त्या बैठकीला पहिल्यांदाच आल्या होत्या, दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात, डोक्यावरची हिरवी टोपी तशीच. "ही चोवीसशेची यादी वर पाठवा," त्या म्हणाल्या. "मी दोन वर्षं तिसरा शल्यचिकित्सक मागतेय. दर वेळी उत्तर येतं, यादीत चौदा माणसं आहेत, तुम्हाला दोघेही जास्तच होतात. आता देतील."

"देतील," अधीक्षक म्हणाले. "पण ढाल जाईल."

मतदान झालं. ढालीच्या बाजूने पाच, डोळ्यांच्या बाजूने एक. श्रेणी दोनला मत नसतं; असतं तर ते कुठे पडलं असतं हे वायरवाल्यांनी पुढे बायकोलाही सांगितलं नाही.

ठराव झाले. एक, दुरुस्तीमुळे मोतीबिंदूच्या रुग्णांत एकशे एकाहत्तर पट वाढ झाल्याचं निदर्शनास आल्याने ती दुरुस्ती तत्काळ काढून टाकावी. दोन, सोमवारपासून दिलेल्या सर्व तारखा रद्द कराव्यात. तीन, नागरिकांना सौजन्यपूर्वक कळवावं. संदेशाचा मसुदा जागच्या जागी मंजूर झाला : 'आपणास दिलेली तारीख प्रायोगिक स्वरूपाची होती. प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे. नवीन तारखेसाठी संकेतस्थळास भेट द्यावी. आपली जागा राखून ठेवण्यात येईल.'

वायरवाले जिन्यापाशी पोहोचले तेव्हा नोंदणीबाई मागून आल्या. गेली वीस वर्षं नोंदणीची खिडकी याच बाई सांभाळत होत्या. त्यांनी आवाज खाली केला नाही. तशी गरज नव्हती.

"तुमच्या आईंचे कागद आहेत ना जवळ?"

"रीतसर तारीख होती हो, बाई. चौदा महिन्यांनी का होईना."

"होती," नोंदणीबाई म्हणाल्या. "डोळा थांबणार आहे का चौदा महिने? माझ्या शेजारची खुर्ची ठेवते."

साडेदहाला वायरवाल्यांनी ती ओळ काढली. एक ओळ काढायला एका बोटाचं एकच दाबणं लागतं, आणि बोटाला विचार करायला वेळ मिळत नाही. चोवीसशे जणांना संदेश गेला. संदेश मिळताच चोवीसशेही जण धावत संकेतस्थळावर आले, पुन्हा पुन्हा आले, आणि सव्वा अकरापर्यंत एकूण एक खुर्ची भरली. साडेअकराला अधीक्षकांनी अहवाल उघडला. त्यांच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी रंग आला.

अकरा पस्तीसला नोंदणीच्या खोलीचं दार उघडून वायरवाले आत गेले. सात-आठ माणसं होती. कुणी वळून पाहिलं नाही, पण सगळे थोडे थोडे सरकले. नोंदणीबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"घाम पुसा," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा सगळ्यांनाच येतो."

सर्व्हर पडला. दोन मिनिटांनी उठला. वायरवाल्यांनी आईचं नाव टाकलं, वय टाकलं, चष्म्याचा नंबर आता पाठ होता. तारीख आली पुढच्या बुधवारची.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टरीणबाईंचा हात हलका आहे याबद्दल कुणाचं दुमत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आईंनी आधी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, तू एवढा पांढरा कधी झालास?" मग त्यांनी वॉर्डातल्या बाकीच्या सात खाटांवरून नजर फिरवली. नोंदणीबाईंची आत्या, रखवालदाराचे सासरे, प्रयोगशाळेतल्या बाईंच्या मावसबहिणीची जाऊ. आईंना सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसत होते.

"बरं आहे रे तुमचं रुग्णालय," त्या समाधानाने म्हणाल्या. "सगळी आपलीच माणसं आहेत. परकं एकही कुणी नाही."

ढाल तिसऱ्यांदा मिळाली. यादीत बारा नावं होती, हा विक्रम आहे. तिसऱ्या शल्यचिकित्सकाची मागणी फेटाळली गेली. मुख्याध्यापक पुन्हा चारशेच्या वर खुर्च्यांवर बसले आहेत आणि आपल्याला अद्याप कुणीही उठवलेलं नाही, असं त्यांनी अधीक्षकांना अभिमानाने कळवलं आहे.

ही सगळी हकिगत वाचून एखाद्या सुजाण वाचकाला चीड येईल, आणि ती यायलाच हवी. त्यानेच समाज सुधारतो. फक्त एक दुरुस्ती नोंदवली पाहिजे. अकरा चाळीसची गोष्ट अलीकडे बाहेर फुटल्यामुळे, सर्वांना समान न्याय मिळावा या हेतूने, अधीक्षकांनी आपल्या चहाची वेळ बदलली आहे, आणि त्याबरोबर सर्व्हर पडण्याचीही. नवी वेळ या कथेत कुठेही दिलेली नाही. ती आपल्या नजरेतून सुटली की काय, म्हणून ज्यांनी आत्ता दोन ओळी मागे जाऊन पाहिलं, त्यांनी चीड तेवढी बाजूला ठेवावी आणि सावकाश आत येऊन बसावं. नोंदणीबाई पिशवी उचलून घेतील.